गाव नसलेलं पाणी

चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक पाटी होती: 'नमुन्याचे पाणी पिऊ नये.' ती रंगवून घेणारे साहेब केव्हाच बदलून गेले होते. पण पाटी कोणासाठी लावली होती हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ज्याच्यासाठी ती लावली होती, तोच गृहस्थ रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसून लख्ख करायचा.

हे देवाजी मेश्राम. हुद्दा परिचर. काम असं की गावोगाव हिंडून विहिरींचं आणि हातपंपांचं पाणी डब्यात भरून आणायचं, डब्यावर गावाचं नाव लिहायचं, आणि आमच्या टेबलावर ठेवायचं. पुढचं काम आमचं, म्हणजे रसायनं घालून ते पाणी पिण्यास योग्य की अयोग्य हे ठरवण्याचं. पण देवाजीभाऊंच्या मते आमचं काम म्हणजे त्यांनी आधीच केलेल्या कामाची नक्कल होती, तीही चार दिवस उशिरा.

मी साताऱ्याकडून नव्यानं नोकरीला आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या गावचं पाणी कसं आहे जी?"

मी म्हटलं, "चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे? जड का हलकं? पोटात उतरते का गळ्यातच बसते?"

मला सांगता येईना. बावीस वर्षं एका गावात काढून, रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळवून, मला माझ्या घरच्या नळाची चव सांगता येईना. देवाजीभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मला माझ्या आईचं नाव विचारलं होतं आणि मी नंतर कळवते म्हणाले होते. मग त्यांनी खाकी शर्टाच्या खिशातून एक छोटा स्टीलचा पेला काढला, टेबलावरच्या एका डब्यातलं दोन बोटं पाणी त्यात ओतलं आणि तोंडात घेतलं. डोळे मिटून आधी डाव्या गालात, मग उजव्या. "धानोऱ्याकडचं. हातपंप. लोखंड आहे याच्यात. आणि बाजूले मोहाचं झाड असन."

डब्यावर धानोरा तालुक्यातल्याच एका गावाचं नाव होतं. लोखंडही निघालं. मोहाच्या झाडाची चौकशी मी केली नाही, कारण तेही निघालं असतं तर माझी पदवी कुठं ठेवायची हा प्रश्न पडला असता.

माणूस सडपातळ, काळासावळा, खाकीला कडक इस्त्री. दात मात्र असे पांढरे शुभ्र की हसले की समोरच्याला उगाच आपलं तोंड मिटावंसं वाटे. "कडुलिंबाची काडी, मॅडम. दुसरं काई नाई," असं ते न विचारता सांगायचे. दारू नाही, बिडी नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही. चंद्रपूरसारख्या गावात खर्रा न खाणारा सरकारी कर्मचारी म्हणजे आधीच संशयास्पद, त्यात हा माणूस चहासुद्धा टाळायचा. "चहात पाण्याचा अपमान होते," म्हणायचे. पण पाण्याच्या बाबतीत त्यांचे नखरे एखाद्या जमीनदाराला लाजवतील असे होते. सकाळचं पहिलं बादलीभर पाणी ते प्यायचे नाहीत, कारण पाणी तेव्हा झोपेत असतं. माठातलं पाणी दुपारी दोननंतर प्यायचे नाहीत, कारण ते तोवर माठाचं होऊन जातं. फ्रीजचं तर नावच काढायचं नाही. "बधिर केल्यावर कोनतंई पाणी गरीब होऊन बसते, बोलतच नाई," हे त्यांचं मत.

स्वतःसाठी ते दर सोमवारी आपल्या गावाहून पांढऱ्या डब्यात पाणी घेऊन यायचे. चंद्रपुरात खोली करून राहायचे, शनिवारी घरी जायचे, आणि आठवडाभर तेच पाणी पेल्यानं मोजून प्यायचे. बाटलीबंद पाणी विकत घेणाऱ्या साहेबांना ते हसायचे, आणि साहेब त्यांच्या डब्याला हसायचे. दोघांचं पाणी प्लास्टिकमध्येच होतं हे मी एकदा त्यांना दाखवून दिलं. ते म्हणाले, "फरक आहे जी. माह्या पाण्याले मी ओळखतो."

सोडा मात्र त्यांना चालायचा. याचं मला नवल वाटे. वरोऱ्याच्या बाजारात करीमचाचांचं सोड्याचं छोटं दुकान होतं, गोळीच्या बाटल्यांचं. त्या बाजूची फेरी असली की आमची जीप तिथं थांबणारच. एकदा देवाजीभाऊंनी बाटलीची गोळी दाबली, एक घोट घेतला, आणि बाटली खाली ठेवून करीमचाचांकडे नुसतं बघत राहिले.

"क्या हुआ मेश्राम? गॅस कम है क्या?"

"गॅस बराबर आहे, चाचा. विहीर काऊन बदलली?"

करीमचाचा आधी कबूलच करेनात. मग दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, "मोटर जली है. आठ दिन से पीछेवाले के यहां का पानी लेता हूं. पूरे वरोरा में एक को पता नहीं चला. मैं समझता था, गॅस के पीछे पानी छुप जाता है."

"तुमचं छुपते. माह्या जिभेपुढं नाई छुपत," देवाजीभाऊ म्हणाले, आणि बाटली पूर्ण प्याले. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मला तत्त्व सांगितलं. "ज्या पाण्यात दम नाई, त्याच्यातच गॅस भरते लोक. पण चाचाचं तसं नाई. चाचाचं पाणी मुळात चांगलं होतं. त्यानं ते फक्त भांडाले शिकवलं."

बाटलीबंद पाणी आमच्या भागात आलं त्या वर्षांत. आधी रेल्वे स्टेशनवर, मग बसस्टँडवर, मग साहेबांच्या टेबलावर. आमच्या कार्यालयात तर हा मोठाच विनोद होता, की अख्ख्या जिल्ह्याला पाणी चांगलं आहे म्हणून प्रमाणपत्र द्यायचं आणि स्वतः सीलबंद प्यायचं. एकदा बैठकीनंतर कनिष्ठ लिपिकांनी देवाजीभाऊंना घेरलं. तीन बाटल्यांतलं पाणी तीन पेल्यांत ओतलं आणि सांग म्हणाले. देवाजीभाऊंनी पहिला पेला तोंडात घेतला, खाली ठेवला. दुसरा घेतला, ठेवला. कोणत्याही पाण्यावर तोंड भरून बोलणारा हा माणूस गप्प बसला. लिपिक खूश झाले. हरला, हरला, असा ओरडा झाला.

"हरलो नाई," ते म्हणाले. "ह्या दोन्ही पाण्याले गावच नाई. काय सांगू? चव असते ती गावाची असते. इथी गावच पुसून टाकलं आहे. मेलं पाणी होय हे, आंघोळ घालून ठेवलेलं."

"आणि तिसरं?"

तिसरा पेला त्यांनी नुसता हुंगला. "हे आपल्या गच्चीवरच्या टाकीचं. मागच्या महिन्यात कबूतर पडलं होतं ना, त्या टाकीचं."

यात गंमत अशी की ती तिसरी बाटली खुद्द साहेबांच्या टेबलावरची होती, आणि ती सीलबंद समजून साहेब रोज पीत होते. कोण भरून ठेवत होतं ते मला माहीत आहे, पण तो माणूस आता निवृत्त होऊन नातवंडांत रमला आहे, तेव्हा राहू द्या. साहेबांना पुढचे दोन दिवस पोटदुखी झाली. ती पाण्यानं झाली की ज्ञानानं, हे प्रयोगशाळेला सांगता आलं नाही.

फसफसणाऱ्या पाण्याची ओळख आम्हा दोघांना एकदमच झाली, तीही भामरागडला. एका पाणीयोजनेसाठी परदेशी पाहुण्यांचं पथक आलं होतं. पथकाच्या प्रमुख एक गोऱ्या बाई, सोबत मुंबईचे एक साहेब. पावसाळ्यात जे गाव आठ-आठ दिवस जगापासून तुटतं, तिथं ही मंडळी ऐन थंडीत, रस्ते कोरडे असताना, पाण्याची टंचाई बघायला आली होती. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसल्यावर मुंबईच्या साहेबांनी आत आवाज दिला, "अरे, मॅडमना पाणी आण. विदाउट गॅस."

आत स्वयंपाकघरात देवाजीभाऊ होते. ते बाहेर येऊन अदबीनं म्हणाले, "गॅस तर नाईच आहे जी इथी. सगळं चुलीवरचंच आहे."

साहेबांना वाटलं, याला कळलं. देवाजीभाऊंना वाटलं, साहेबांना चुलीवर उकळलेलं पाणी आवडतं, माणूस दर्दी दिसतो. पाहुण्यांसाठी खास आणलेली खोकी तशीच राहिली आणि गोऱ्या बाईंच्या हातात पर्लकोटा नदीच्या काठच्या विहिरीचं, चुलीवर उकळून गार केलेलं, धुराचा वास असलेलं पाणी गेलं. मी खोक्यांकडे बोट दाखवेपर्यंत उशीर झाला होता. बाईंनी एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. मग साहेबांना इंग्रजीत विचारलं की हे पाणी कुठल्या झऱ्याचं, याला फार वेगळी चव आहे. साहेबांनी घाबरून देवाजीभाऊंना विचारलं, "यात काय घातलंय? कसला वास येतोय हा?"

"धावड्याच्या लाकडाचा, साहेब," देवाजीभाऊ म्हणाले. "सागाचा असता तर आणखी चांगला लागला असता, पण सागाचं जाळलं तर फॉरेस्टवाले धरते."

बाईंनी आणखी एक पेला मागितला. साहेबांनी भाषांतर काय केलं मला माहीत नाही, पण त्यात धावडा नव्हता.

पाहुणे गेल्यावर खोक्यात एक हिरवी काचेची बाटली उरली. आम्ही विश्रामगृहाच्या पायरीवर बसून ती उघडली. फस्स झालं. देवाजीभाऊंनी पेल्यात घेऊन आधी कानाजवळ धरलं. मग प्याले. मी वाट पाहत राहिले की आता मेलं पाणी, दमाचं पाणी, असलं काही येणार.

"चाचाच्या सोड्यापेक्षा भित्रं आहे," ते म्हणाले. "पण मॅडम, हे डोंगरातलं आहे. याले गाव आहे."

"बाटलीवर डोंगराचं चित्र आहे, ते पाहिलंत तुम्ही."

"चित्र कायले पाहू? तोंडात दगड लागून राह्यला ना." आणि त्यांनी उरलेलं पाणी मला न विचारता संपवलं. तेव्हापासून कोणी विचारलं की बाटलीचं पाणी साधं बरं की गॅसवालं, तर ते तज्ज्ञाच्या थाटात सांगायचे की साधं असेल तर घरचं, आणि विकत घ्यायचंच असेल तर गॅसवालं, तेही परदेशातलं. आमच्या कार्यालयात एवढी उंची आवड असलेला दुसरा माणूस नव्हता, आणि तो परिचर होता.

त्यांच्याकडे पाण्यांची एक क्रमवारी होती. चौथ्या नंबरवर धानोऱ्याजवळचा एक हातपंप, तिसऱ्यावर एक तळ्याकाठची विहीर, दुसऱ्यावर भामरागडकडच्या जंगलातला एक झरा. पहिला नंबर विचारला की हसून टाळायचे. एकदा जीप बंद पडली आणि आम्ही रस्त्याच्या कडेला तीन तास बसलो, तेव्हा त्यांनी तो सांगितला. पहिला नंबर त्यांच्या स्वतःच्या गावच्या, त्यांच्या मोहल्ल्याच्या विहिरीचा. गाव वरोऱ्याच्या पुढे आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही.

गावात एक मोठी विहीर होती, चिरेबंदी, चार रहाटांची. तिच्यावर यांच्या लोकांना चढता यायचं नाही. यांच्या मायनं लहानपणापासून नाल्याच्या वाळूत झिरा खोदून, वाटीवाटीनं पाणी भरलं. उन्हाळ्यात झिरा आटला की मोठ्या विहिरीच्या खाली गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, घेऊन बसायचं आणि वरून कोणी ओततंय का याची वाट पाहायची. एका दुपारी ती सकाळपासून बसली आणि सांजेला कोणीतरी वरून ओतलं ते जनावरांच्या डोणीतलं उष्टं पाणी. तिनं गुंड तिथंच पालथा केला आणि घरी आली. या विहिरीचं पाणी मेले तरी तोंडात घेणार नाही, असं म्हणाली. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात मोहल्ल्यातल्या माणसांनी स्वतःची विहीर खोदली. देवाजीभाऊंचे वडील त्यात होते. देवाजीभाऊ तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ मायला दिली.

"गोड लागलं म्हणाली," ते म्हणाले. "तेव्हापासून माह्या जिभेचा काटा तिथी आहे, मॅडम. बाकी सगळं पाणी मी त्याच्याशी लावून पाहतो."

मला वाईट वाटलं. पण मी शास्त्राची बाई, म्हणून विचारलं, "त्या विहिरीचा नमुना कधी आणला नाहीत तुम्ही?"

"तिचा काय नमुना आणायचा? तीच नमुना होय," ते म्हणाले, आणि ड्रायव्हरनं बॉनेट आपटून गाडी सुरू झाल्याचं सांगितलं.

पुढं फ्लोराईडचं सर्वेक्षण आलं. वरोरा, चिमूर, सगळीकडून अहवाल येत होते की कोवळ्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत, म्हाताऱ्यांच्या कमरा वाकल्यात. हुकूम असा की एकही स्रोत सोडायचा नाही, आणि मर्यादेच्या वर फ्लोराईड निघालं तर विहिरीला लाल पट्टा मारून पिणं बंद. यात पाणी चाखून काही उपयोग नव्हता. फ्लोराईडला चव नाही, वास नाही, रंग नाही. उलट बरेचदा असं पाणी गोडच लागतं. मी हे प्रयोगशाळेत सगळ्यांना समजावून सांगितलं. देवाजीभाऊ कोपऱ्यात बसून डबे विसळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यांच्या गावचे दोन डबे महिनाभरानं आले. एक मोठ्या विहिरीचा, एक मोहल्ल्याच्या विहिरीचा. आमच्या तपासणीत पाण्यात तांबडं रसायन घालतात. फ्लोराईड असलं की तांबडा रंग उडतो. मोठ्या विहिरीचा रंग थोडा फिका झाला, मर्यादेच्या आत. मोहल्ल्याच्या विहिरीचा तांबडा तसाच राहिला, जराही हलला नाही. मी खूश झाले. योग्य असं लिहायला पेन उचललं, आणि बाकीचे आकडे पाहिले. क्षार जवळजवळ नाहीत. चुना नाही. लोह नाही. वरोऱ्याच्या काळ्या मातीतून आलेलं पाणी, आणि त्यात काहीच नाही.

मी दार लावलं. नियमाविरुद्ध, पाटीसमोर उभं राहून, डब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि तोंडात घेतलं. डाव्या गालात, मग उजव्या. इतक्या वर्षांत मला एवढं तरी आलं होतं.

मी देवाजीभाऊंना बोलावलं. "भाऊ, या पाण्याला गाव नाही."

इस्त्रीच्या खाकीतला हा माणूस त्या दिवशी एकदम म्हातारा दिसला. ज्या पाण्याला ते मेलं म्हणत, त्या सीलबंद पाण्याच्या बाटल्या त्यांनी बसस्टँडवरून आणून डब्यात रिकाम्या केल्या होत्या, आपली विहीर पास व्हावी म्हणून. मला रागही आला आणि हसूही, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त, या माणसाला बाटल्या विकत घेताना किती लाज वाटली असेल, याचं वाईट वाटलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"जिभेनं नाई सांगतलं," ते म्हणाले. "पुतणीच्या दातानं सांगतलं. नववीत आहे. हसते तर तोंडावर हात ठेवते. मी तिले रागावलो, मशेरी लावते म्हणून. काडी घासाले लावली. हिरड्यातून रक्त येईपर्यंत घासे ते पोरगी. माहे दात पांढरे काऊन आहे, माहीत आहे का मॅडम? ते कडुलिंब-फडुलिंब काई नाई. नव्या दातांच्या वयात मी झिऱ्याचं पाणी प्यालो. विहीर मंग झाली. विहीर झाल्यावर जे जन्मले, त्या सगळ्याइचे दात पिवळे आहे."

बाहेर टंकलेखन चालू होतं.

"विहीर बंद केली त मोहल्ला पाण्याले कुठी जाईन? गावात दुसरी तेच एक आहे. मोठी. आता कोनी अडवत नाई, कायदा आहे, तिथल्या सरपंचाचं पोरगंबी चांगलं आहे. पण चाळीस वर्षं आमच्यातलं कोनी त्या चौथऱ्यावर पाय ठेवला नाई. आमची होती ना! माय पंच्याऐंशीची झाली. तिले मी काय सांगू? तुह्या नवऱ्यानं खोदलेलं पाणी अयोग्य आहे, आन् त्याइचं योग्य आहे?"

फ्लोराईड जात पाहत नाही असलं एखादं वाक्य मला सुचलं, पण ते खोटं ठरलं असतं, कारण या गावात त्यानं नेमकी जात पाहिली होती. मी कपाटातून एक कोरा डबा काढला आणि त्यांच्या पुढे ठेवला. जुना अहवाल लिहिलाच नव्हता, त्यामुळे फाडायचा प्रश्न नव्हता.

सोमवारी ते डबा घेऊन आले. त्या आठवड्यात स्वतःसाठी पाणी आणलं नाही. तपासणीच्या वेळी शेजारी उभे राहिले, आणि रसायन मी टाकतो म्हणाले. नियमात बसत नव्हतं, तरी मी पिपेट त्यांच्या हातात दिली. तांबडा रंग त्यांच्या डोळ्यांदेखत उडाला आणि जवळजवळ पिवळा झाला. त्यांनी काचेची नळी उजेडाकडे धरली. "एवढं गोड होतं," एवढंच म्हणाले.

लाल पट्टा मारायला गावी जायचं ठरलं तेव्हा मी सोबत गेले. खरं तर माझं काम नव्हतं. कंत्राटदाराचा रंगारी होता, पण देवाजीभाऊंनी ब्रश त्याच्याकडून घेतला. विहिरीच्या काठावर दगडात वर्ष कोरलेलं होतं, ते सोडून त्यांनी बाकीचा कठडा नीट, एकसारखा रंगवला. बायका गुंड घेऊन लांब उभ्या होत्या. कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुतणी ओसरीत उभी होती, ओठ घट्ट मिटून. त्यांची माय खाटेवर बसली होती, बारीकशी, पांढऱ्या लुगड्यातली. तिनं विचारलं, "झालं का रे रंगवून?"

"झालं माय."

"मंग आता पाणी?"

देवाजीभाऊंनी ब्रश डब्यात टाकला, हात पुसले, आणि एका बाईच्या कमरेवरचा रिकामा गुंड घेऊन स्वतःच्या खांद्यावर ठेवला. पुरुषानं गुंड उचलला म्हणून दोघी-तिघी हसल्यासुद्धा. ते गावाकडे चालू लागले. मी काही अंतर ठेवून मागे गेले. माझ्या मागून, बऱ्याच वेळानं, एक-एक करून बायका निघाल्या.

मोठ्या विहिरीच्या चौथऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ ऊन खात बसले होते. खाकी कपडे पाहून म्हणाले, "या मेश्राम. आताच त मी नमुना काढून देल्ला ना? पुना काऊन?"

"नमुना न्यायले नाई आलो, भाऊ," देवाजीभाऊ म्हणाले. "पाणी भराले आलो."

म्हाताऱ्यांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा मागं रांगेनं येणाऱ्या बायकांकडे पाहिलं. मग पसरलेले पाय जवळ घेतले. देवाजीभाऊ चौथऱ्यावर चढले. दोर त्यांनी स्वतः सोडला. रहाट फार कुरकुरला. गुंड भरून खांद्यावर घेतला आणि परत निघाले. वाटेत पाणी हिंदकळून कडक इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला.

घरी येऊन त्यांनी खिशातला पेला काढला, भरला, आणि मायच्या हातात दिला. तिला पाणी कुठून आणलं हे सांगावं लागलं नाही. बाहेर सगळा मोहल्ला गोळा झाला होता. म्हातारीनं पेल्यात पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग नातीला जवळ बोलावलं, आधी तिला दोन घोट पाजले, आणि उरलेलं स्वतः प्याली.

देवाजीभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले होते. दोन जिल्ह्यांतल्या पाण्याची परीक्षा केलेला तो माणूस श्वास धरून विचारत होता, "माय, कसं आहे?"

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

"कसं असन रे," ती म्हणाली. "पाणीच त होय."

देवाजीभाऊंनी तिच्या हातातून पेला घेतला, गुंडात बुडवला, आणि डोळे उघडे ठेवून, गालात न थांबवता, तहानलेला माणूस पितो तसं घटाघटा प्याले.